खुंटांमधल्या शिंपल्या

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली कारकुनाच्या खिशात होती, आणि वही मात्र गेली होती.

मत्स्य खात्याच्या त्या कचेरीत चोरी करावी असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. चोरण्याजोगं होतं तरी काय? भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक, तीन पायांवर उभं राहायची सवय झालेलं एक टेबल आणि खाडीतल्या मोजण्यांच्या वह्या. त्यांतलीच एक, मेणकापडाचं वेष्टण घातलेली, चौकशीच्या आदल्या दिवशी नाहीशी झाली होती.

चौकशीसाठी मुख्य कचेरीतून तपासनीस बाई आल्या होत्या. निवृत्तीला आठ महिने उरले होते, गुडघे कुरकुरत होते आणि हे प्रकरण आपल्याच गळ्यात पडावं याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. ज्याच्यावर आरोप होता त्या मोजणीदाराला खाडीत पहिलं पाऊल टाकायला त्यांनीच शिकवलं होतं.

प्रकरण तसं सरळ होतं. खाडीच्या काठावरच्या बंगलेवाल्यांना एकामागून एक खाजगी धक्के बांधायची हौस सुटली होती. पाचवा धक्का दातांच्या डॉक्टरांचा. बांधण्याआधी जागेची मोजणी करून मोजणीदारानं लिहून दिलं की इथं शिंपल्यांचा पट्टा नाही, तो दक्षिणेला चाळीस पावलांवर आहे. धक्का उभा राहिला. आणि जो पट्टा तिथं नव्हताच, तो धक्क्याखाली दोन वर्षांत मेला. त्या पट्ट्यावर वस्तीतल्या सात बायकांची घरं चालत होती. त्यांनी अर्ज केला, मोजणीदारानं लाच खाऊन खोटं लिहिलं.

"वही नसेल तर उद्या अकराला विषय संपला," कचेरीचे साहेब म्हणाले. "मोजणीदार बडतर्फ, परवाना रद्द, धक्का उखडायचा. त्यानंच पळवली असणार, दुसरं काय!"

"त्याला महिनाभर कचेरीत यायला बंदी आहे," बाई म्हणाल्या. मग कारकुनाकडे वळल्या. "काल कपाट उघडं असताना या खोलीत कोण कोण आलं होतं?"

"डॉक्टर आले होते. धक्का बांधणारा सुतार आला होता. आणि अर्ज करणाऱ्या बायकांतली थोरली. ती काय, रोजच येते. गुडघे दुखतात म्हणून इथं कपाटाशेजारी बसवतो मी तिला आणि चहाला जाऊन येतो. तिला अक्षर वाचता येत नाही, अर्जावर अंगठा उठवते. वही नेऊन काय चूल पेटवणार?" कारकून स्वतःच्याच विनोदावर हसला.

"वहीत किती मोजण्या होत्या?"

"बारा. ही मधली कुठली तरी."

"म्हणजे बाकीच्या अकराही गेल्या," बाई म्हणाल्या आणि वह्यांच्या रांगेतल्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिल्या.

२

दातांचे डॉक्टर धक्क्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावलेल्या या गृहस्थाचे स्वतःचे दात मात्र बेताचेच होते.

"मी वही चोरेन?" ते म्हणाले. "अहो, तीच तर माझी ढाल आहे. हे बघा."

त्यांनी परवान्याला जोडलेला उतारा पुढे केला. "जागेत पट्टा आढळला नाही." खाली मोजणीदाराची सही होती, पण मूळ वहीशिवाय त्या उताऱ्याला किंमत नव्हती. बाईंनी तो दोनदा वाचला. डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं. वही सापडली तर धक्का वाचणार होता, हरवली तर उखडला जाणार होता. लाच दिल्याचा संशय सगळ्या गावाला ज्याच्यावर होता, त्याचाच त्या चोरीत सगळ्यात मोठा तोटा होता.

"कशासाठी बांधलात हो एवढा?" बाईंनी विचारलं.

"मासे बघायला," डॉक्टर म्हणाले आणि थोडे ओशाळले. "बायको गेल्यावर घरात बसवेना. पहिल्या वर्षी या खांबांभोवती बारीक पिल्लं यायची. सुया सांडल्यासारखी चमकायची पाण्यात. आता एक दिसत नाही. बोट सुरू केली की तळाचा चिखल उठतो तो तासभर निवळत नाही. खाली गवत होतं, तेही गेलं." ते फळ्यांच्या फटीतून खाली बघत राहिले. "मी केलं काय? पाण्यावर एक फळ्यांची वाट केली, बस्स."

त्याला उत्तर देणं बाईंच्या कामात बसत नव्हतं. त्या धक्क्यावरून परत निघाल्या.

"सुताराला विचारा," मागून डॉक्टर म्हणाले. "पहिला खांब ठोकला त्या दिवशी त्यानं मला काहीतरी दाखवलं होतं. मी नीट बघितलं नाही."

३

सुताराच्या कारखान्यात लाकडाला लावायच्या औषधाचा वास नाकात बसत होता.

"खाडीतले किडे लाकूड पोखरतात, म्हणून लावावं लागतं," तो म्हणाला.

"किड्यांना मारतं, मग शिंपल्यांचं काय करत असेल?"

सुतारानं रंधा खाली ठेवला. बराच वेळ तो हात पुसत राहिला. हात तसे स्वच्छच होते.

"पहिला खांब ठोकला तेव्हा चिखल वर आला, बाई. त्यात शिंपल्या होत्या. जिवंत. नखाएवढ्या पिल्लांपासून तळहाताएवढ्या मोठ्यांपर्यंत, सगळ्या मापांच्या. एका घमेल्यात मी साठ मोजल्या. डॉक्टरांना दाखवल्या तर ते म्हणाले, सरकारी कागदात नाही म्हणून लिहिलंय. मग मी गप्प बसलो. मला काम हवं होतं." त्यानं मान वर केली. "वही मी नाही घेतली. पण त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर आज वहीची गरजच पडली नसती, हे मला माहीत आहे."

बाई लाकडाच्या ओंडक्यावर टेकल्या. पट्टा होता. तोही भरगच्च, नांदता. मग त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस त्यावर उभा राहून "नाही" असं कसं लिहू शकला? आंधळा तर तो नव्हता. उरलं ते एकच, आणि ते त्यांना मनातसुद्धा उच्चारवेना.

४

तीनच्या सुमाराला ओहोटी पुरती लागली आणि खाडीचा तळ उघडा पडला. बाई साडी खोचून चिखलात उतरल्या.

दोन्ही बाजूंना पाण्यातलं गवत हिरवं पसरलं होतं आणि मधोमध, अगदी धक्क्याच्या मापाचा, एक काळा उघडा पट्टा पडला होता. उन्हाअभावी गवत मेलं, गवत गेल्यावर चिखल सुटला. टोकाशी बोट ओहोटीला तळावर टेकायची, तिथं खड्डा पडला होता. चिखलाला कुजका वास येत होता. त्यात शिंपल्या जशा जगल्या तशाच उभ्या होत्या. दोन्ही कवचं जोडलेली, तोंडं उघडी, आत नुसता गाळ.

धक्क्याच्या सावलीत दोन बायका खुरपी घेऊन वाकल्या होत्या. एक थोरली, वस्तीतली सगळ्यात वयस्क. दुसरी तिची जाऊ, धाकटी. थोरलीनं एक शिंपली उपसली, उघडून बघितली आणि पुन्हा होती तिथं पुरली.

"मेलेली कशाला परत ठेवता, मावशी?"

"हाताला सवय आहे," थोरली म्हणाली.

"रोज येते ही," धाकटी म्हणाली. "एक तरी जिवंत सापडेल म्हणून. काय सापडतंय? माझी सून लोकांची भांडी घासायला जाते आता. त्या मोजणीदाराचं कधी भलं होणार नाही, लिहून ठेवा! उद्या हा धक्का निघाला की ऊन पडेल, गवत धरेल, गवतात पिल्लं येतील. आमच्या नाही तर नातवंडांच्या तरी वाट्याला येईल. हो ना गं?"

थोरलीनं मान हलवली नाही आणि डोलावलीही नाही.

बाई दक्षिणेला चाळीस पावलं चालल्या. तिथं पट्ट्याची हद्द दाखवणारे कुजलेले चार खुंट उभे होते, त्यांना चिंध्या बांधलेल्या. बाईंनी थोरलीचं खुरपं मागून घेतलं आणि बारा खड्डे खणले. गुडघ्यांनी बंड पुकारलं, तरी खणले. खाली स्वच्छ वाळू लागली. जिवंत शिंपली नाही, मेलेली नाही, कवचाचा तुकडासुद्धा नाही. पट्टा मेला तरी कवचं वर्षानुवर्षं राहतात. इथं कधी काही जगलंच नव्हतं.

"हे खुंट कुणी ठोकले?" बाईंनी हाक मारून विचारलं.

दोघी जावा एकदम भरतीची वाट बघू लागल्या. भरतीला अजून तास होता.

५

मोजणीदाराच्या घराचं दार त्याच्या बायकोनं उघडलं आणि ती लगेच आत गेली. तो खिडकीशी बसला होता. महिन्याभरात उतरला होता.

"शिंपल्या होत्या, बाई," तो म्हणाला. "खुंटांच्या आत. मी स्वतः खणून चाळीस मोजल्या. आज तिथं एक नाही असं सगळे सांगतात. मला वेड लागायची पाळी आली आहे."

"धक्क्याच्या जागी किती खड्डे खणलेस?"

"तीन."

"नियम बाराचा आहे."

"पाणी चढत होतं. ते तीनही काठाकडचे, दगडातले निघाले. आणि थोरली बरोबर होती. ती म्हणाली, पुढं काही नाही, उगाच कशाला खणता, पट्टा तिकडे आहे. तुम्हीच शिकवलं होतं ना, खाडीत जन्मभर वाकलेली बाई सांगते ते आधी ऐकावं?"

बाईंना ते लागलं. शिकवलं होतं खरं. दरवर्षी नव्या मुलांना त्या हेच वाक्य मोठ्या अभिमानानं सांगायच्या.

"हे तू आजवर का नाही बोललास?"

"काय बोलू? म्हातारीवर ढकलतो म्हणतील. आणि नऊ खड्डे मी खणले नाहीत, हे तर खरंच आहे."

"त्या चाळिसांची मापं आठवतात?"

"सगळी वहीत होती. पण आठवायला अवघड नाही, सगळ्या जवळजवळ सारख्याच होत्या. चांगल्या तळहाताएवढ्या. मला वाटलं, काय सुंदर पट्टा आहे!"

"आणि पिल्लं?"

"एकही नाही."

बाई खुर्चीतून उठल्या, खोलीत एक फेरी मारली आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वेड्या, कुठल्या वस्तीत सगळी माणसं एकाच वयाची असतात रे? नांदत्या पट्ट्यात नखाएवढं पिल्लू असतं, म्हाताऱ्या शिंपल्या असतात. तू मोजलास तो पट्टा नव्हता. ती बाजाराला न्यायची टोपली होती. कुणीतरी आदल्या दिवशी तिथं पुरून ठेवलेली."

कुणी, हे त्यानं विचारलं नाही.

६

थोरली दारातच बसली होती. आत भिंतीला सात टोपल्या एकीत एक घालून टांगल्या होत्या. दिवे लागायला अजून अवकाश होता.

"वाचता येणाऱ्यानं नेमकं पान फाडून नेलं असतं," बाई तिच्या शेजारी बसत म्हणाल्या. "कुठलं पान हे ज्याला कळत नव्हतं, त्याला अख्खी वही न्यावी लागली. वेष्टण तेवढं तुमच्या ओळखीचं होतं, कारण त्या दिवशी तो लिहीत असताना तुम्ही शेजारी उभ्या होतात. कारकून म्हणाला, तुम्हाला वाचता येत नाही म्हणून तुम्ही नाही. मला वाटतं, म्हणूनच तुम्ही."

थोरलीनं आतल्या टोपल्यांकडे पाहिलं.

"आणि त्या शिंपल्या तुम्हीच पुरल्यात. पुरायच्याच होत्या तर लहानमोठ्या पुरायच्या. पण लहान तुम्हाला उचलवलीच नाहीत."

"कशी उचलणार?" थोरली पटकन म्हणाली. "बारकं हाताला लागलं की परत ठेवायचं. आईनं हातावर फटके देऊन शिकवलंय."

मग ती हळूहळू बोलू लागली. तिच्या सासूनं एकदा एका साहेबाला खरा पट्टा दाखवला होता. महिन्याभरात कुणाची तरी लोखंडी फाळ लावलेली बोट आली आणि दोन दिवसांत सगळा तळ खरवडून गेली. सहा वर्षं खाडीत काही उगवलं नाही. तेव्हापासून वस्तीतल्या बायका खोटे खुंट ठोकायच्या आणि बाहेरच्याला तेच दाखवायच्या. कुणी खणायचा हट्ट धरणार असं कळलं तर आदल्या दिवशी टोपलीभर पुरून ठेवायच्या आणि तो गेला की काढून न्यायच्या.

"इथं धक्का होणार म्हणून मोजणीदार बोलला नव्हता?"

"बोलला होता. मला वाटलं, सगळे असंच काहीबाही सांगतात. नंतर खांब आले तेव्हा कळलं. खुंट त्याला मी दाखवलेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं." तिनं पदर तोंडाला लावला. "चांगला माणूस होता हो. मोजून झाल्यावर त्यानं एकेक शिंपली परत पुरली. हळू, तोंड वर करून, जशी हवी तशी. मी उभी राहून बघत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"वही का नेलीत?"

"धक्का निघावा म्हणून. आणि धाकटीला कळू नये म्हणून. त्यातलं आधी कुठलं, ते मलाच सांगता येत नाही."

ती आत गेली आणि पांघरुणांच्या घड्यांमधून वही काढून आणली. कोरडी होती, एक पानसुद्धा दुमडलेलं नव्हतं. बाईंनी सातव्या मोजणीचं पान उघडलं. चाळीस आकडे होते, सगळे जुळ्या भावंडांसारखे.

"ही मी उद्या पुढं ठेवली की तो सुटेल," बाई म्हणाल्या. "पण लाच नाही म्हटल्यावर परवाना खरा ठरेल. धक्का राहील. हे तुम्हाला माहीत असावं."

"माहीत आहे. म्हणून तर नेली."

"मावशी, उद्या अकराला मी बोलणारच आहे. तुम्ही आलात तर आधी तुम्हाला बोलू देईन."

बाई परत निघाल्या. आपण कुणाची बाजू घेतली आणि कुणाला बुडवलं याचा हिशेब त्यांना मांडता येईना.

७

अकराला पाच मिनिटं असताना थोरली आली. मागं धाकटी आणि बाकीच्या पाचजणी होत्या. धक्का उखडायचा हुकूम ऐकायला त्या धुतलेल्या साड्या नेसून आल्या होत्या.

थोरली उभी राहिली आणि तिनं काहीही न गाळता सगळं सांगितलं. खुंट, टोपली, कपाट, वही. साहेबांनी दोनदा तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. बाईंनी मग वहीतले आकडे वाचून दाखवले, पण ते ऐकायला कुणी भानावर नव्हतं.

निकाल दहा मिनिटांत लागला. लाच नाही. मोजणीदार कामावर रुजू, न खणलेल्या नऊ खड्ड्यांबद्दल लेखी ताकीद. थोरलीलाही ताकीद, वय बघून तेवढ्यावरच सोडलं. परवाना कायम.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. बाहेर व्हरांड्यात त्यांनी सुताराला गाठून विचारलं, एकाआड एक फळी काढली तर खाली ऊन पडेल का? पडेल थोडं, सुतार म्हणाला. पण बोट? डॉक्टरांनी किती फळ्या निघतील एवढंच विचारलं.

बायका एकेक करून निघाल्या. धाकटी मात्र थोरलीसमोर येऊन थांबली.

"मला सांगायचं होतंस," ती म्हणाली. "खुंट आपण सगळ्यांनीच ठोकले होते. मी काय तुला खाल्लं असतं? दोन वर्षं मी त्या माणसाला शिव्याशाप दिले आणि तू माझ्या शेजारी बसून ऐकत राहिलीस."

थोरलीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. धाकटीनं आपला पदर सावरला आणि ती वळून चालू लागली. चाळीस वर्षं दोघी एकत्र गेल्या-आल्या होत्या. थोरली बाकावर बसली ती तशीच बसून राहिली.

मोजणीदार बाहेर आला. त्यानं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे, आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

"मला रागाव रे," थोरली म्हणाली. "निदान तू तरी."

"ते राहू द्या, मावशी," तो म्हणाला. "सहाव्या धक्क्याचा अर्ज आलाय. खाडीत अजून कुठं खरा पट्टा असेल तर मला दाखवा. बाराच काय, शंभर खड्डे खणतो. एकदा नोंद झाली की तिथं कुणाला खांब ठोकता येणार नाही. कुठं आहे?"

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं.

"नाही, बाळा," ती म्हणाली. "तेवढाच होता."

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, उत्तरेला? त्या वळणावर? खडकांच्या मागं? प्रत्येक वेळी थोरलीनं मान हलवली. दाराशी उभ्या असलेल्या तपासनीस बाईंनी तिचा चेहरा निरखून पाहिला. या वेळी ती खरं बोलत होती.